मधुमेहाचे निदान : एकाच आकड्यावर भिस्त नको

‘डॉक्टरसाहेब, तीन महिन्यांची साखर नॉर्मल आली, म्हणजे मधुमेह नाही ना?’ असे रुग्ण मला नेहमी विचारतात. उत्तर प्रत्येकासाठी सारखे नसते.

आठ तास उपाशी राहून तपासलेली साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करावी.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा अंदाज येतो. सिकलसेल आजारात मात्र पेशी लवकर फुटतात आणि आकडा फसवा, कमी येतो. उलट, लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात तो जास्त येऊ शकतो. शिरपूर, चोपडा, यावल भागातील सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आढळतो, हे ध्यानात ठेवावे.

अशा रुग्णांनी प्रयोगशाळेत शिरेतील रक्त देऊन उपाशीपोटीची व ग्लुकोजनंतरची साखर तपासावी. त्याआधी पाणी चालेल. चहा मात्र घोटभरही नको. आणि सिकलसेलचे कार्ड असेल तर ते डॉक्टरांना आधी दाखवावे.