नवोदित खेळाडू आणि संधीचा हिशेब

अर्थशास्त्रातील 'वैकल्पिक खर्च' ही कल्पना मला बास्केटबॉलच्या उदाहरणाने चांगली समजली. अमेरिकेतील एन.बी.ए. स्पर्धेत सामना 48 मिनिटांचा आणि मैदानावर संघाचे खेळाडू पाच. म्हणजे प्रशिक्षकाजवळ वाटायला 240 मिनिटे. नवोदिताला दहा मिनिटे द्यायची, तर ती अनुभवी खेळाडूकडूनच काढावी लागतात. पंजाबच्या सतनामसिंग भामराला 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने निवडले, पण एन.बी.ए.च्या सामन्यात त्याच्या वाट्याला एकही मिनिट आले नाही.

क्रिकेटमध्येही जागा अकराच. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नई सुपर किंग्जने 20 लाखांत घेतले, पण 2019 चा सगळा आय.पी.एल. हंगाम तो बाहेरच बसला. 2020 मध्ये त्याच्या पहिल्या तीन खेळी 0, 5 आणि 0 धावांच्या. तोवर संघाची बाद फेरीची आशा जवळजवळ मावळली होती. गमावण्यासारखे फारसे नव्हते. म्हणजेच त्याच्या जागेचा वैकल्पिक खर्च उतरला होता. उरलेल्या तिन्ही सामन्यांत तो खेळला आणि तिन्हींत त्याने अर्धशतके काढली. 2021 मध्ये 635 धावा करून तो स्पर्धेत पहिला आला.

आमच्या बुरहानपुरात यंत्रमागावर नवा कारागीर बसवतानाही हाच प्रश्न येतो. बिघडलेले कापड मालकाला लगेच दिसते. न घडलेला कारागीर मात्र कोणत्याच खतावणीत दिसत नाही. उद्या नोकरीसाठी 'अनुभव' मागितला जाईल, तेव्हा आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढेही हाच प्रश्न असेल. म्हणून संधी देणाऱ्याने हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, असे मला वाटते.