अंधारलेल्या पडद्याची परीक्षा

यंत्र बंद पडणे ही एक गोष्ट आहे आणि यंत्राने आपली अवस्था कळविण्याचे साधन बंद पडणे ही दुसरी. लॅपटॉपच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्याला अगदी सारख्या दिसतात. कळ दाबली असता एखादा लहान दिवा लागतो, कधी पंख्याचा आवाजही ऐकू येतो. परंतु पडदा काळाच राहतो. 'लॅपटॉप गेला' असा निष्कर्ष अशा वेळी सर्रास काढला जातो आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. विद्यार्थ्याचा प्रबंध, दुकानदाराचा वर्षभराचा हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे अशा एकाच यंत्रात साठविलेली असतात. घाईने केलेल्या उपायाने यंत्र पुन्हा सुरू होते, पण हा ठेवा मात्र कायमचा नाहीसा होतो. म्हणून काळ्या पडद्याची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, हे यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे हिताचे आहे.

प्रारंभाचा क्रम

कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत यंत्रात ज्या घटना घडतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो. लॅपटॉपमधील एक छोटा नियंत्रक, यंत्र बंद असतानाही, बॅटरीच्या किंचित विजेवर जागा असतो. कळ दाबली गेल्याचे प्रथम त्याला कळते आणि तो निरनिराळ्या भागांना वीज सोडतो. त्यानंतर मुख्य प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, जागा होतो. त्याच्यापाशी त्या क्षणी कोणतीच माहिती नसते. केवळ एका ठरावीक पत्त्यावरील पहिली आज्ञा वाचावयाची, एवढेच त्याच्या रचनेत योजिलेले असते. १९८१ मध्ये आय.बी.एम.ने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकात हा पत्ता १० लाख ४८ हजार ५७६ बाइटांच्या स्मृतिक्षेत्राच्या अगदी टोकाला, शेवटून सोळाव्या बाइटावर होता. तेथून सुरू होणाऱ्या मूळ आज्ञावलीला 'बायॉस' असे नाव होते. आजच्या यंत्रांत तिची जागा 'यूईएफआय' या अधिक विस्तृत आज्ञावलीने घेतली आहे. काम मात्र मूलतः तेच आहे.

ही आज्ञावली प्रथम स्मृती, म्हणजे रॅम, तपासते आणि वापरण्याजोगी करते. मग चित्र निर्माण करणारा भाग जागा करते. बनावटीचे चिन्ह पडद्यावर दिसते ते यानंतर. पुढे ती हार्ड डिस्क किंवा एसएसडी यांवरील ऑपरेटिंग सिस्टिमला पाचारण करते आणि कारभार तिच्या हाती सोपविते. ऑपरेटिंग सिस्टिम चित्रविभागाचा स्वतःचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, सुरू करते आणि शेवटी प्रवेशाचा पडदा दाखविते.

या क्रमातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चित्रविभाग जागा होण्यापूर्वी जो दोष आढळेल, तो पडद्यावर लिहून दाखविणे यंत्राला शक्यच नसते. याकरिता जुन्या संगणकांत आवाजाचे संकेत योजिले होते. एक आखूड 'बीप' म्हणजे सर्व ठीक. निराळ्या संख्येचे वा लांबीचे आवाज म्हणजे निरनिराळे दोष. आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत हे काम कळफलकावरील किंवा कळीजवळील दिवा ठरावीक वेळा लुकलुकून करतो. हे आवाज वा लुकलुकणे मोजून लिहून ठेवावे आणि त्या बनावटीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा. जे सांगण्यासाठी यंत्राजवळ पडदा नाही, ते ते अशा रीतीने सांगत असते.

काळेपणाचे प्रकार

'पडदा काळा आहे' या एकाच वाक्यात निदान चार अवस्था सामावलेल्या असतात. पहिलीत यंत्रात कसलीच हालचाल नसते. दुसरीत दिवा व पंखा चालू असतात, पण बनावटीचे चिन्हदेखील दिसत नाही. तिसरीत चिन्ह दिसते आणि नंतर अंधार होतो. चौथीत काळ्या पार्श्वभूमीवर बाणाच्या आकाराचा दर्शक तेवढा फिरताना दिसतो. पहिलीचे कारण बहुधा विजेत, दुसरीचे पडद्यात, रॅममध्ये किंवा मदरबोर्डात, आणि तिसरी-चौथीचे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असते. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी यांपैकी कोणती अवस्था आहे हे शांतपणे पाहून घ्यावे.

काळ्या पडद्यावर अक्षरे असतील तर तो प्रकार सर्वस्वी वेगळा मानावा. विंडोज ११ मध्ये, गंभीर दोषाच्या वेळी दिसणारा परिचित निळा पडदा २०२५ मध्ये बदलून काळा करण्यात आला. त्यावरील मजकुरात दोषाचे नाव दिलेले असते. तेव्हा असा पडदा म्हणजे मुके यंत्र नव्हे. तो मजकूर उतरून घेणे हीच पहिली पायरी होय.

विजेची परीक्षा

भिंतीवरील सॉकेट, चार्जर आणि त्याची वायर ही साखळी प्रथम तपासावी. सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहिले म्हणजे अर्धा प्रश्न सुटतो. टाइप-सी जोडणीचा चार्जर भ्रमणध्वनीचा असेल, तर लॅपटॉपला पुरेल इतकी वीज त्यातून न मिळण्याचा संभव असतो. बॅटरी पूर्णपणे उतरलेली असेल, तर मूळ चार्जर लावून अर्धा तास थांबावे आणि मगच कळ दाबावी.

यानंतरचा उपाय साधा असूनही पुष्कळदा गुणकारी ठरतो. चार्जर काढावा; पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर आदी सर्व जोडण्या काढाव्यात; बॅटरी सहज काढता येण्याजोगी असल्यास तीही काढावी. मग कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. नंतर बॅटरी बसवून केवळ चार्जर जोडावा आणि यंत्र सुरू करून पाहावे. यामागील कारण असे की, वर उल्लेखिलेला छोटा नियंत्रक कधीच पूर्णपणे झोपत नाही. त्यात गोंधळ झाला तर नेहमीच्या रीतीने यंत्र बंद करून तो दूर होत नाही. शिल्लक वीज निघून गेली म्हणजे तो आपले काम नव्याने आरंभितो.

पडदा की यंत्र?

दिवा लागतो पण चित्र नाही, अशा वेळी यंत्र जिवंत आहे काय, हा पहिला प्रश्न. कळफलकावरील 'कॅप्स लॉक'ची कळ दाबावी. तिचा दिवा दर दाबण्यासरशी लागत-विझत असेल, तर बहुधा आतील कारभार चालू आहे आणि दोष केवळ चित्राच्या वाटेवर आहे. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्याचा परिचित ध्वनी ऐकू आला, तर तोही तोच पुरावा देतो.

त्यानंतर लॅपटॉपला एचडीएमआय वायरने बाहेरचा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडावा. तेथे चित्र उमटले तर यंत्र निर्दोष असून दोष लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यात किंवा त्याकडे जाणाऱ्या वायरीत आहे, असे समजावे. ही वायर बिजागरीतून जाते आणि झाकण हजारो वेळा उघडल्या-मिटल्याने झिजते. झाकण विशिष्ट कोनात धरले असता चित्र क्षणभर येत असेल, तर तिच्यावरच संशय घ्यावा.

आता पडद्याच्या रचनेकडे वळू. ज्या द्रव स्फटिकांवर सपाट पडदे आधारलेले आहेत, त्यांचे विचित्र वर्तन ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्सर यांनी १८८८ मध्ये प्रथम नोंदविले. भारतातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधून काढले. बाजूने पाहिले असता चित्र विटू नये म्हणून अशा रेणूंचे पातळ पटल पुढे सपाट पडद्यांत वापरले गेले.

द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागून येणारा प्रकाश कोठे सोडावा आणि कोठे अडवावा, एवढेच ते ठरवितात. हा मागचा प्रकाश पूर्वी बारीक नळीदिव्यांतून येत असे, पुढे त्या जागी एलईडी दिवे आले. हे दिवे विझले तरी स्फटिक आपले चित्र रेखीत राहतात; ते फक्त दिसत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाकून जवळून पाहावे. अंधुक अक्षरे किंवा आकृती दिसली, तर दोष केवळ प्रकाशयोजनेत आहे, हे निश्चित. ओलेड प्रकारच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. तेथे ही परीक्षा लागू पडत नाही.

दोन क्षुल्लक कारणेही विसरू नयेत. पडद्याचा उजेड कळफलकावरून अगदी कमी केलेला असू शकतो. तसेच झाकण मिटले की नाही हे पुष्कळ लॅपटॉप चुंबकाच्या साह्याने ओळखतात. चुंबकाचे बक्कल असलेले भ्रमणध्वनीचे पाकीट कळफलकाजवळ ठेवले, तर झाकण मिटले आहे अशी समजूत होऊन यंत्र आपला पडदा मालवते.

रॅमची परीक्षा

बाहेरच्या मॉनिटरवरही चित्र नाही, चिन्हही नाही, अशा वेळी रॅमचा विचार करावा. रॅमची पट्टी खाचेत घट्ट बसलेली नसली किंवा तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढला, तर प्रारंभाचा क्रम तेथेच थांबतो. कोकण, केरळ, बंगाल यांसारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यानंतर ही शक्यता अधिक ध्यानात घ्यावी. खालचे आवरण उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, आतील बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. पट्टी कडांनी धरून काढावी व पुन्हा नीट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे. कारागीर खोडरबराने तिच्या कडा घासतात. परंतु सोन्याचा थर अतिशय पातळ असल्याने हात हलका ठेवावा आणि रबराचे कण झटकून टाकावेत. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच डाखलेली असते. तेथे हा उपाय संभवत नाही. हमीची मुदत शिल्लक असेल, तर आवरण न उघडणेच बरे.

येथे संयमही आवश्यक आहे. नवी रॅम बसविल्यानंतर पहिल्या वेळी स्मृतीची जुळवणी होण्यास काही मिनिटे लागू शकतात. मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविली जात असतानाही पडदा काही काळ काळा राहतो. त्या वेळी वीज तोडली, तर ती आज्ञावली अर्धवट राहून यंत्र खरोखरच निकामी होण्याचा धोका असतो.

चिन्हानंतरचा अंधार

चिन्ह दिसून मग अंधार होत असेल, तर यंत्राचे भाग बहुधा ठीक असतात. विंडोजवर चालणाऱ्या यंत्रात प्रथम विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्यामुळे चित्रविभागाचा चालक नव्याने सुरू होतो. विंडोज आणि पी या कळांनी चित्र चुकून दुसऱ्या, नसलेल्या पडद्याकडे पाठविले जात आहे काय, ते पाहता येते. दर्शक तेवढा दिसत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून 'टास्क मॅनेजर' उघडतो काय ते पाहावे. तेथून 'एक्सप्लोरर' हा कार्यक्रम हाताने सुरू करता येतो.

एवढ्याने भागले नाही तर विंडोजचे चिन्ह दिसताच कळ सुमारे १० सेकंद दाबून यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा घडले म्हणजे विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा विभाग उघडते. त्यातील 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'स्टार्टअप सेटिंग्ज' या वाटेने 'सेफ मोड' गाठावा. त्यात केवळ अत्यावश्यक चालक वापरले जातात. तेथे चित्र नीट दिसले, तर नुकताच बसविलेला चित्रचालक किंवा एखादा नवा कार्यक्रम दोषी आहे, असे मानून तो मागे घ्यावा. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन'च्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवण्याची व जलद सुरू होण्याची सोय आली. म्हणून दोषही कधी कधी तसाच जपला जातो. 'रीस्टार्ट' केल्याने मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

ठेव्याचे रक्षण

दुरुस्तीच्या विभागातच सर्व काही पुसून टाकून नवी प्रणाली बसविण्याचा मार्गही असतो. तो सोपा दिसतो म्हणूनच धोक्याचा आहे. पडद्याचे दिवे विझले असता नवी प्रणाली बसविण्यात कोणताच अर्थ नसतो; हानी मात्र पूर्ण होते. यंत्र दुरुस्तीस देताना 'डिस्कवरील मजकूर विचारल्याशिवाय पुसू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. एसएसडी काढता येण्याजोगी असल्यास ती दुसऱ्या यंत्राला जोडून मजकूर उतरून घेता येतो. मात्र विंडोज ११ च्या पुष्कळ यंत्रांत डिस्कवरील मजकूर आपोआप कूटबद्ध केलेला असतो. तेव्हा ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्लीवाचून तो वाचता येत नाही. ही किल्ली बहुधा वापरणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. यंत्र ठीक असतानाच ती कागदावर उतरून ठेवणे हा शहाणपणा होय.

काही प्रसंगी परीक्षा करूच नये. स्पर्शफलक वर उचलला गेला असेल किंवा झाकण सपाट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू वा टोचू नये, कारण लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. चहा-पाणी सांडलेले यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. जळका वास येत असेल, तर चार्जर तत्काळ काढून यंत्र जाणकाराकडे सोपवावे.

या सर्व परीक्षांचे सूत्र एकच आहे. जे बाहेरून करता येते ते आधी, आवरण उघडावे लागते ते नंतर, आणि जे परत फिरविता येत नाही ते सर्वांत शेवटी. प्रत्येक परीक्षेने संशयाचे क्षेत्र अर्ध्यावर यावे आणि तिचा निकाल कागदावर नोंदविला जावा. असा कागद घेऊन दुरुस्तीच्या दुकानात जाणाऱ्या ग्राहकाचा वेळ वाचतो, अनावश्यक भाग बदलण्याचा खर्च टळतो आणि मुख्य म्हणजे त्याचा मजकूर सुरक्षित राहतो.