चवथ : काल आणि आज

सण म्हटला की तो पूर्वापार जसा होता तसाच आजवर चालत आला, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु आपल्या गोमंतकातील चवथीकडे थोडे बारकाईने पाहिल्यास घराघरांतील रीती काळानुसार कशा बदलत आल्या, हे ध्यानी येते.

काही घराण्यांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर रेखाटलेल्या गणपतीची पूजा होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने तिसवाडी, बार्देश व साष्टी या तालुक्यांतील देवळे पाडली आणि हिंदूंच्या जाहीर पूजाअर्चेवर बंदी घातली. १५६० साली इन्क्विझिशनही सुरू झाले. मूर्ती लपविणे कठीण. चित्र मात्र पेटीत ठेवता येते, म्हणून ही रीत पडली, असे वडीलधारी मंडळी सांगतात. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. भय सरले, पण कागदाचा गणपती राहिला. संकटकाळी पत्करलेला मार्गच पुढे कुळाचार ठरला.

दुसरे उदाहरण घुमटाचे. आरतीला घुमट, शामेळ आणि कांसाळे नसतील तर आपणांस चवथ वाटतच नाही. मातीच्या या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण दिले. तेव्हा घुमटाचा नाद आता राहणार कसा, अशी शंका येणे साहजिक होते. पण बकऱ्याचे कातडे वापरात आले आणि वाद्य टिकले. २०१९ साली गोवा सरकारने त्यास वारसा वाद्याचा मान दिला. कातडे बदलले, आरती थांबली नाही.

मात्र प्रत्येक बदल असा सुखाचा असतोच असे नाही. गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो. तीत नारळ, सुपारीचे घोस, केळी, चिबूड, तोरिंजन, आंबाडे यांच्या जोडीला रानातील कितीतरी फळेफुले असतात. पूर्वी घरातील मुले वडिलांबरोबर रानात जात आणि कोणते फळ खाण्याचे, कोणते विषारी, कोणते औषधी, हे चालता चालता शिकत. आज पुष्कळ घरांत माटोळीचे सामान बाजारातून येते. माटोळी भरलेली दिसते. पण तिच्यातील दहा वस्तूंची नावे आम्हां मुलांना विचारली तर आम्ही गप्प बसतो. येथे रूप राहिले आणि ज्ञान निसटले.

कुटुंबातील बदलही असाच जपून पाहावा लागतो. मूळ घरात एकच गणपती आणि भावांभावांत त्याची पाळी, ही जुनी व्यवस्था. आता कोणी मुंबईस, कोणी आखाती देशांत नोकरीस. रजा अपुरी पडते, म्हणून आमच्याही घरी पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा करावा, असा विषय निघाला. आजीचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दिवस कमी करा हवे तर, पण चूल एकच ठेवा आणि सगळे एका पंगतीला बसा." त्या वर्षी पातोळ्या आणि नेवऱ्या करण्यास सर्व काकू व आत्या एकत्र बसल्या. दिवस घटले, घर तुटले नाही.

यावरून आम्हांस एक कसोटी सापडते. रीत बदलावी की नाही, हा प्रश्न आला की ती रीत कशासाठी होती, हे आधी विचारावे. हेतू राखून रूप बदलले तर परंपरा जगते. रूप राखून हेतू हरवला तर ती पोकळ होते.

म्हणून येत्या चवथीपूर्वी आपण प्रत्येकाने आजोबा-आजींबरोबर बसून माटोळीतील किमान दहा वस्तूंची नावे व उपयोग वहीत उतरून घ्यावे. रानातून आणताना गरजेपुरतेच घ्यावे, वेल मुळासकट उपटू नये. पुढील वर्षीची माटोळी त्याच वेलीवर वाढावयाची आहे.