आधी वजनकाट्यावर जा

अगं, दोन इंच लिफ्ट, मड टेरेन टायर, एअर लॉकर, सगळं एकदम करायचंय म्हणे! ही यादी तुझी की त्या गॅरेजवाल्याची? आधी एक कर. हापूसच्या पेट्या भरलेली गाडी वजनकाट्यावर चढव, मग रिकामी चढव. आंब्याचा सीझन सोडला तर तुझी व्ही-क्रॉस वर्षभर रिकामीच धावते, आणि मागच्या पाट्यांचा सगळा खेळ तिथेच आहे.

पाटा वाढवला की भरलेली गाडी मागून बसत नाही, खरंय. पण रिकामी असताना तोच पाटा दबत नाही. पावसात करूळ घाटाच्या वळणावर खड्डा लागला की मागचं चाक उडतं, आणि उडालेल्या चाकाला कसली पकड? शिवाय पाटा वाढला म्हणून जास्त माल भरता येत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच असतात ना! चांगले शॉकअप घाल, झिजलेले बुश बदल, पुरे. लिफ्ट राहू दे. गाडी उंच केली की पुढच्या एक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. मग लाल माती थेट आत.

टायरवर मात्र हात आखडू नकोस. मड टेरेन रुबाबदार दिसतात, पण त्यांचे मोठाले ठोकळे ओल्या डांबरावर कमी धरतात, आणि आवाजाने डोकं उठतं ते वेगळंच. बागेची वाट सोडली तर तुझा सगळा रस्ता डांबरीच. ऑल टेरेन घे. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. २४५/७० आर १६ च्या जागी गॅरेजवाला २६५/७० सुचवतोय ना? व्यास पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो. स्पीडोमीटरचा काटा दाखवेल त्याहून गाडी तेवढी जास्त पळेल आणि चढाला दमेल. मूळ मापच ठेव. चिखलात हवा थोडी उतरव, डांबरावर आलीस की भर. पंप गाडीतच असू दे.

डिफरन्शियल सगळ्यात शेवटी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात गरगरलं की दुसरं कोरड्या जांभ्यावर असूनही गप्प बसतं, कारण दोघांना जोर सारखाच मिळतो, तोही कमी पकड असलेल्या चाकाला झेपेल तेवढाच. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. चढावर मोठा आधार. डांबरी वळणावर चालू राहिला तर मात्र गाडी वळेनाशी होते, टायर घासतात. एक पावसाळा नव्या टायरवर काढ. फोर-लो लावूनही अडकलीसच, तर लॉकर बसव, तोही फक्त मागे. चढासाठी क्राउन-पिनियन बदलू असं गॅरेजवाला म्हणाला, तर पुढचं-मागचं दोन्ही एकाच रेशोचं लागेल, तेव्हा खर्च दुहेरी.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. काम सांगण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांकडे विचारून घे. ‘काही होत नाही, ताई’ असं गॅरेजवाला म्हणेलच.