मालवणचं स्कूबा आणि अंदमानची बोट

प्रश्न : तारकर्लीला मी आणि बायकोने स्कूबा केलं, सर्टिफिकेटही मिळालं. आता जानेवारीत अंदमानात बोटीवरच मुक्काम करून चार दिवस बेटाबेटांजवळ डाइव्ह करायचे आहेत. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारी मुंबईचं विमान. जमेल ना?
– एक वाचक, भाईंदर (पश्चिम)

उत्तर : जानेवारी निवडलात ते उत्तम, समुद्र तेव्हा बहुधा शांत असतो. मात्र तुमच्याकडचं सर्टिफिकेट अनुभवाचं आहे, स्वतंत्र डायव्हिंगचं नाही. तारकर्लीला प्रशिक्षकाने टाकी धरून तुम्हाला फिरवलं असणार. मुक्कामी बोटीवर तोल, हवा, खोली तुम्हालाच सांभाळावी लागते. त्यासाठी किमान ‘ओपन वॉटर’ कोर्स हवा. तीन-चार दिवसांत होतो आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं.

पहिल्या खेपेला बोटीवरचा मुक्काम मी तरी टाळेन. स्वराज द्वीपला (हॅवलॉक) राहा, कोर्स तिथेच करा, मग रोज सकाळी बोटीने डाइव्हला जा. शहीद द्वीपलाही जाता येईल.

विमानाचं वेळापत्रक मात्र बदलाच. सलग डाइव्हनंतर रक्तात आणि ऊतींत जादा नायट्रोजन साठलेला असतो. विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. किमान १८ तास थांबावं, मी पूर्ण दिवस मोकळा ठेवायला सांगतो. त्या दिवशी सेल्युलर जेल पाहा.

दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सर्दी असताना उतरू नका. नाक चिमटीत धरून हलकं फुंकूनही कान मोकळे झाले नाहीत, तर जोर न लावता थोडं वर या.