भाजीचा नेचा : त्याची वाढ व लागवड

सह्याद्रीच्या ओढ्यांकाठीं उगवणाऱ्या नेच्यांपैकीं एकाचे कोंवळे कोंब भाजीस उत्तम होत. शास्त्रांत त्यास डिप्लाझियम एस्क्युलेंटम म्हणतात. आसामांत हा ढेकिया, कुमाऊं-गढवालांत लिंगुडा व फिलिपाईन्स बेटांत पाको या नांवांनीं बाजारांत विकला जातो. त्याची वाढ कशी होते हें समजलें म्हणजे तो कोठें लावावा व कसा खुडावा हेंहि कळतें.

नेच्यास फूल व बीं नसतें. पानाच्या पाठीवर शिरांलगत तपकिरी रेघा दिसतात. त्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. ओल्या मातीवर पडलेल्या बीजाणूपासून प्रथम नखाएवढी हिरवी चकती होते. तिच्यांतील नरपेशी पाण्याच्या पातळ थरांतून पोहून स्त्रीपेशीस मिळतात व तेव्हांच नवा नेचा जन्मतो. सबब सततची ओल नसेल तेथें त्याचा विस्तार होत नाहीं.

वारणानगरच्या सपाटीस उन्हाळा कोरडा असतो. म्हणून ओढ्याचा कांठ किंवा झाडांखालील पाटाची कड निवडावी. मात्र उंसांतील तणनाशकाचें पाणी तेथें येऊं देऊं नये. जुन्या गड्ड्याशेजारीं फुटलेलीं पिलें मृगाच्या पावसावर दोन-दोन फुटांवर लावावीं. कुजलेला पाला घालावा. शेंडा मातीखालीं दाबूं नये. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून रोपें आणणें कायद्यानें मना आहे.

कोंब गुंडाळलेला असतांच खुडावा. उलगडलेलें पान चिवट होतें. पानेंच गड्ड्यास पोसतात, यास्तव प्रत्येक झाडाचे निम्मे कोंब राखावे. सर्व खुडल्यास गड्डा क्षीण होतो.

आतां महत्त्वाची सूचना. डोंगरमाथ्यावर ब्रॅकन नांवाचा दुसरा नेचा वाढतो. तो विषारी असून त्यांतील द्रव्य कर्करोगकारक आहे. तो बहुत दिवस चरल्यानें गुरांच्या लघवींतून रक्त जातें. भाजीच्या नेच्याचीं पानें एकाच गड्ड्यांतून झुबक्यानें निघतात व कोंबाच्या बुडाशीं काळपट खवले असतात. ब्रॅकनचीं पानें जमिनीखालील लांब खोडापासून सुटीं वर येतात, कोंबावर खवल्यांऐवजीं लव असते व बीजाणू पानाच्या कडेस असतात. ओळख पटल्यावांचून कोणताहि कोंब घरांत आणूं नये. भाजीचा नेचाहि कच्चा खाऊं नये. उकळून, पाणी टाकून, मगच फोडणीस घालावा.