घाई कोणाची?

चि. बाळास,


एजंटने खोलीचा व्हिडिओ पाठवला, उद्या संध्याकाळपर्यंत टोकन भर म्हणतोय, असं तू फोनवर म्हणालास आणि माझ्या जिवाची स्वस्थता गेली. पोस्टाने उशीर होईल, म्हणून पत्राचा फोटो काढून पाठवतेय.

२०१७ साली माझी मुदत ठेव संपली. बँकेतल्या मुलीने खुर्ची दिली, चहा मागवला. "काकू, ही योजना आजच बंद होतेय." पेन्सिलीने जिथे जिथे फुल्या केल्या होत्या, तिथे तिथे मी सह्या केल्या. चहा निवायच्या आत पैसे गेले. वर्षाने दुसऱ्या हप्त्याचं पत्र आलं तेव्हा कळलं, ती ठेव नव्हतीच. १० वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. कागद वाचून पॉलिसी परत करायला तेव्हा १५ दिवस मिळायचे. (२०२४पासून ३० मिळतात.) पाकीट मी न फोडता कपाटात ठेवलं होतं. पैशांपेक्षा मला हे लागलं, की त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती. घाई तिची होती, तिच्या टार्गेटची. मी ती आपली समजले.

तेव्हापासून कोणी घाई लावली की मी आधी विचारते, ही घाई कोणाची? दूध उतू जात असेल, गाडी सुटत असेल, तर माझीच, तिथे धावावं. भाजीच्या जुडीपाशी अर्धा तास घोळ घालणाऱ्यांतला तू होऊ नयेस. पण पैसे देताना आणि शब्द देताना मध्ये एक रात्र जाऊ दे रे.

आज ऑफिस सुटल्यावर खोलीवर स्वतः जा. नळ सोडून बघ, पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांना विचार. अनामत किती, सोडताना त्यातून काय कापणार, हे लिहून घे. भाडेकरार नोंदवावाच लागतो आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. "ते नंतर बघू" म्हणाला तर तिथूनच परत फीर.

खोली गेली तर जाऊ दे. दुसरी मिळेपर्यंत कोथरूडला माझ्या नणंदेकडे राहा, मी तिच्याशी बोलले आहे. रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी. मी जागी आहे.

तुझी,
मावशी